सरकारी बागेत कोणाला अडवता येत नाही

आक्का, तुमच्या शोकसभेत मारामारी झाली. तुमच्याच लॉनवर, पांढऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या तिथं. खुर्च्या मोडल्या, समोसे मातीत गेले आणि तुमच्या पिटुनियाच्या वाफ्यात अण्णा उताणे पडले. त्यांना मी पाडलं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "धाकटे, एवढी वर्षं हात काय पदरात बांधून ठेवले होतेस?" म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं. बाकीचं सावकाश सांगते. तुम्हाला मधेच तोडायची सवय होती, आज पहिल्यांदा माझं बोलणं पुरं होईल.

तुम्ही कशा गेलात असं लोक विचारतात. बोगनवेल तोडताना शिडीवरून पडल्या म्हटलं की हळहळतात, या वयात शिडीवर कशाला चढायचं म्हणतात. पुढचं मी सांगत नाही. वेलाच्या काट्यांनी तुमचा हात फाडला होता आणि तुम्ही कोयता उगारून त्याला "मुडद्या, माझ्या अंगावर येतोस व्हय" म्हणून दम देत होता, हे मी वर गच्चीत उभी राहून ऐकत होते. हसत होते. मग शिडीचा आवाज आला. मी खाली पोचेपर्यंत रक्त फरशीवरून गवतात उतरलं होतं. कोयता मीच तुमच्या हातातून सोडवला. दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. अजून गेलेला नाही.

जावाजावांचं प्रेम असतं असं कोणी म्हटलं तर आपण दोघी हसायचो. तुम्ही थोरल्या, खालच्या मजल्यावर. मी धाकटी, वरच्या. चंदीगडात ज्याच्याकडे खालचा मजला त्याच्याकडे माती, त्यामुळं बाग तुमची आणि गच्चीतल्या कुंड्या माझ्या. माझ्या कुंड्यांचं पाणी तुमच्या सांडग्यांवर गळलं तेव्हा तुम्ही खालून खुरपं फेकून मारलंत, घोट्यावर अजून वण आहे. मीही काही गरीब गाय नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची जास्वंद बुडापासून कापली. मग आठवडाभर अबोला, आणि एक दिवस तुम्ही पिठलं-भाकरीचं ताट घेऊन जिना चढून आलात. "खा. आणि परत माझ्या झाडाला हात लावलास तर बोटं छाटीन." आमचे दादा, तुमचे मालक, गेल्यावरही तुमचा आवाज तसाच राहिला. उलट थोडा वाढला.

तुमच्या धाकट्या दिराला, विलासला तर तुम्ही मारून मारूनच मोठं केलंत. सासूबाई गेल्या तेव्हा तो दुसरीत का तिसरीत, आणि तुम्ही नुकत्या लग्न होऊन जतच्या घरात आलेल्या. त्याला न्हाऊ घालायच्या, भरवायच्या, शाळा बुडवली की सांडशीनं बडवायच्या. दंडावरचा सांडशीचा डाग त्यानं आमच्या लग्नात माझ्या मैत्रिणींना शर्टाची बाही वर करून दाखवला होता. "ही बघा माझ्या वहिनीची सही." मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पोराला असं मारू नये, आक्का. पण त्याला कोणी आईबद्दल विचारलं तर तो तुमचंच बोलायचा, तेही खरं.

डिसेंबर लागला की तुम्हाला सेक्टर तेहतीसच्या बागेचे वेध लागायचे. गुलदाऊदीचा शो. आपली शेवंतीच ती, पण इथं येऊन पार पैलवान झालेली. पहिल्या वर्षी आपण गेलो तेव्हा तुम्ही फाटकातच थांबलात. जिकडे बघावं तिकडे कुंड्या, एकेका देठावर एकच फूल, पोराच्या डोक्याएवढं. मार्गशीर्षातला गुरुवार जवळ आला होता आणि आपल्याला महालक्ष्मीला घालायला बाजारात धड शेवंती मिळाली नव्हती. आजूबाजूला बायका फुलाशेजारी गाल टेकवून फोटो काढत होत्या, आणि आपण दोघी एका कुंडीत किती वेण्या निघतील याच्यावरून वाद घालत होतो. "एवढं थोरलं फूल देवीच्या डोक्यावर ठेवलं तर ती दबून मरंल," तुम्ही म्हणालात. शेजारचे सरदारजी वळून बघायला लागले तरी तुमचा आवाज खाली आला नाही.

पण शिकायचं ते शिकून यायच्या. घरातून निघताना म्हणायच्या, "आयडिया घ्यायला चाललोय." उंच जात मागे, बुटकी पुढे, जांभळ्याशेजारी पांढरं, कडेला डॉग फ्लॉवर की पँझी, सगळं डोक्यात भरून आणायच्या. लोक फुलं समोरून बघायचे, तुम्ही वाकून कुंडीच्या मागं जायच्या, पानांची खालची बाजू उलटून बघायच्या. एकच मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या कळ्या खुडाव्या लागतात, हे तिथल्या पाटीवर वाचल्यावर तुम्ही घरी निम्म्या कुंड्यांच्या कळ्या खुडायला लागलात. शिव्या देत खुडायच्या. "शोसाठी लेकरं मारायची. काय तरी एकेक खूळ." उरलेल्या निम्म्या तशाच सोडायच्या, वेणीसाठी. त्या कुंड्या यंदाही गच्च कळ्यांनी भरल्या आहेत.

इथल्या आपल्या मराठी घरांचा जो लहानसा गट आहे, त्याचे अण्णा म्हणजे पुढारी. मऊ आवाज, स्वच्छ झब्बा, कुठल्याही झाडाचं नाव तोंडपाठ. विलास या शहरात नवखा आला तेव्हा पहिली नोकरी अण्णांच्या शब्दावर लागली, हे घरही त्यांच्याच ओळखीनं मिळालं. त्याच्या लेखी देवाच्या खालोखाल अण्णा. दर डिसेंबरात एका रविवारी ते गटातल्या सगळ्यांना बागेत न्यायचे आणि घरी काय लावा, कसं लावा ते समजावून द्यायचे. मुलींना जरा जास्तच जवळ उभं करून समजवायचे, खांद्यावर हात ठेवून. आपण सगळ्याच बघायचो. वडीलधारे आहेत म्हणून सोडून द्यायचो.

माझी सई तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. त्या वर्षी बागेत फुलांची मोठी कमान उभी केली होती. तिच्या मागच्या बाजूला कुठली तरी वेगळी जात लावली आहे, लांब लांब पाकळ्यांची, ती दाखवायला म्हणून अण्णा सईला घेऊन गेले. मी अलीकडे रांगेत होते, फोटोसाठी. थोड्या वेळानं सई कमानीमागून आली. तोंड पांढरंफटक. ती माझ्या समोरून गेली, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि थेट तुमच्यापाशी जाऊन उभी राहिली. आक्का, ते मला अजून लागतं. पोटची पोर आईला ओलांडून काकूकडे गेली. तिला त्या क्षणी रडणारं माणूस नको होतं, हे मला फार उशिरा समजलं.

"मोठी आई, अण्णा ने मेरे साथ..." एवढंच ती म्हणाली. पुढचं ऐकायला तुम्ही थांबला नाहीत.

शेजारच्या कुंडीत झाडाच्या आधाराला बांबूची काठी होती, ती तुम्ही उपटलीत. काठीबरोबर झाड मुळासकट आलं आणि भलंमोठं पिवळं फूल लोकांच्या पायात पडलं. पहिला फटका अण्णांच्या कानावर बसला, दुसरा तोंडावर. ते "अहो, अहो" करत मागे सरले आणि कुंड्यांच्या उतरंडीवर कोसळले. कुंड्या एकामागून एक फुटत गेल्या. काठी चिरली तशी तुम्ही हातानं सुरुवात केलीत. त्यांचा चष्मा फुटला, नाकातलं रक्त झब्ब्यावर आलं, तरी तुमचा हात थांबेना. तुमच्या तोंडात एकही शिवी नव्हती. तुम्हाला मुक्यानं मारताना मी पहिल्यांदा बघत होते. गार्ड धरायला आला, त्याच्या छातीत कोपर बसलं. शेवटी विलास धावला आणि त्यानं तुमचे दोन्ही हात पाठीमागं नेऊन पिरगाळले. कोणी धरलंय हे कळलं तशा तुम्ही एकदम ढिल्या पडलात.

"का मारलंस, वहिनी? वेड लागलंय का तुला? का मारलंस?" तो ओरडत होता. सई तुमच्या शालीचं टोक मुठीत धरून उभी होती. तुम्ही वळून तिच्याकडे बघितलंत. तिनं नको म्हणून मान हलवली, नुसती एवढीशी. मग तुम्ही विलासला म्हणालात, "डोकं फिरलं माझं."

संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला सगळं सांगितलंत. सई आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडली होती. तुम्ही कांदा चिरत होता, आणि मी ती सुरी तुमच्या हातातून हिसकावून घेतली. अण्णांच्या घरी खरंच निघाले होते मी. तुम्ही माझं मनगट असं दाबलंत की बोटं आपोआप उघडली. "पोरीनं माझ्याकडनं शब्द घेतलाय. कुणाला सांगायचं न्हाई, बापाला तर न्हाईच न्हाई. तिचं हाय ते. तिला वाटंल तवा ती बोलंल."

"निदान विलासला सांगू या, आक्का. तो तुमच्यावर किती..."

"त्याला सांगितलं तर तो त्याचा मुडदा पाडंल. न्हाईतर पाडणार न्हाई. दोन्ही मला बघवायचं न्हाई."

याच्यावरचं उत्तर मला फार पुढं सुचलं.

अण्णांनी पोलिसात तक्रार केली नाही. कशी करतील? पण गटात त्याचं केवढं कौतुक. "दादा गेल्यापासून त्यांच्या मनावर परिणाम झालाय, सांभाळून घ्या," असं ते नाकावर पट्टी लावून सगळ्यांना सांगत होते. विलासनं खाली येऊन तुम्हाला बजावलं, अण्णांच्या घरी जाऊन पाय धर. तुम्ही म्हणालात, "परत गावला तर परत मारीन." तो तुमच्या दारातून बाहेर पडला तो पडलाच. एका घरात राहून तो तुमच्याशी बोलला नाही. जिन्यात समोरासमोर आलात तर तो भिंतीकडे तोंड करून थांबायचा. दिवाळीला तुम्ही त्याच्यासाठी कडक बुंदीचे लाडू पाठवायच्या, ते मी आणि सई खायचो आणि डबा खाली देताना मी खोटं सांगायचे की त्याला आवडले. तुम्हाला खोटं कळायचं. तुम्ही डबा घासायला घ्यायच्या.

गटानं तुम्हाला वाळीत टाकलं. भजन नाही, गणपतीची आरती नाही. मला वाटलं, बागेचं प्रकरणही संपलं. पण पुढच्या डिसेंबरात त्याच रविवारी सकाळी तुम्ही नवी काठी घेऊन, शाल घट्ट लपेटून फाटकाशी उभ्या.

"कुठं निघाला?"

"शेवंती बघायला."

"आक्का, तिथं सगळे असतील. तुम्हाला येऊ देणार नाहीत."

"सरकारी बाग हाय. कोण अडवतंय ते बघतेच."

मी तशीच स्वेटर घालून तुमच्यामागं पळाले. तुम्ही कोणाला काही बोलला नाहीत. गट वाफ्याच्या त्या बाजूनं चालला की तुम्ही या बाजूनं चालायच्या. एखाद्या मुलीला फूल दाखवायला म्हणून अण्णा बाजूला घेऊन निघाले की तुम्ही रस्ता ओलांडून तिच्या पलीकडे जाऊन उभ्या राहायच्या, कुंडीवर वाकून, काठी टेकून. अण्णांचं बोलणं तुटायचं. ते पोरीला सोडून परत गर्दीत यायचे. गार्डनं हटकलं तर तुम्ही त्याला हिंदीत सांगायच्या, "देख रहे हैं जी, घर में लगाना है." आणि मग त्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, नंतर दर वर्षी. विलास तुम्हाला लांबून बघून चेहरा फिरवायचा. बायका कुजबुजायच्या, म्हातारीला लाज नाही, हाकललं तरी येते. परतताना तुम्ही मला रिक्षात सांगायच्या की यंदा कडेला सफेद पँझी लावू या.

आपलं भांडण तिथूनच पेटायचं. काठी घेऊन राखण करणं म्हणजे काय इलाज आहे का, असं मी म्हणायचे. बाकीचे दिवस तो माणूस मोकळा फिरतो, लोकांच्या घरी जेवतो, पोरींच्या डोक्यावर हात ठेवतो. तोंड उघडा, आक्का. तुम्ही म्हणायच्या, शब्द दिलाय. मी सईकडे जायचे. "रहने दो ना, मम्मा," ती म्हणायची आणि कानाला हेडफोन लावायची. एकदा मी तुमच्या अंगणात तुमचीच कुंडी आपटून फोडली, इतकी चिडले होते. विलासला तरी कळू दे म्हणून. तुमच्या हाताखाली वाढलेला तो माणूस तुम्हाला शत्रू समजून मरणार आहे, असं मी ओरडले. तुम्ही खापऱ्या गोळा केल्यात. "मी मेल्यावर बघा तुमी काय ते," म्हणालात.

आणि बघितलं.

शोकसभेला सगळा गट आला. मेल्यावर वैर धरत नाहीत म्हणे. विलासनंच सगळ्यांना कळवलं होतं, रीत म्हणून. तो पुढच्या रांगेत बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, डोळे कोरडे. अण्णा पांढऱ्या शेवंतीची कुंडी घेऊन आले आणि ती तुमच्या फोटोसमोर ठेवली. मला उठून ती लाथाडावी वाटली, सईनं माझा हात धरून ठेवला. कोणी तुमच्या थालिपिठांचं बोलले, कोणी तुमच्या आवाजाचं. मग अण्णा उठले.

"वहिनी तापट होत्या. आमच्यात एक अप्रिय प्रसंग घडला, तो सर्वांना माहीत आहे. पण त्यानंतर दर वर्षी त्या बागेत यायच्या. लांब उभ्या राहायच्या. मला जाणवायचं, त्यांना माफी मागायची आहे, पण जीभ रेटत नाही. आज त्यांच्या फोटोसमोर सांगतो, मी त्यांना केव्हाच माफ केलं होतं."

लोकांनी माना डोलावल्या. कोणी तरी डोळे पुसले. आक्का, तुमचा शब्द मी मोडणारच होते, तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात माझ्या हातावरचा हात निघाला. सई उभी राहिली होती.

तुम्हाला माहीत आहे, ती घरात हिंदीच बोलते. आपण मराठीत विचारायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं. त्या दिवशी ती मराठीत बोलली. अडखळत, शब्द शोधत, पण मराठीत, म्हणजे तिथल्या एकाही म्हाताऱ्याला समजलं नाही म्हणायची सोय राहिली नाही.

"मोठी आई माफी मागायला येत नव्हती. ती राखण करायला येत होती. त्या दिवशी कमानीच्या मागे यांनी माझ्या अंगाला हात लावला. मी नको म्हणत होते. यांनी सोडलं नाही. मी मोठ्या आईला सांगितलं, म्हणून तिनं मारलं. कोणाला सांगू नको असं मीच म्हणाले होते. ती मरेपर्यंत कोणाला बोलली नाही." मग तिचा दम संपला. "बस. इतना ही था."

मागून एक बाई पुटपुटल्या, "आज कशाला हे." अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि त्या मऊ आवाजात म्हणाले, "मुलीला फार धक्का बसलाय. विलास, हिला आत ने. एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी त्यांच्या कानफटात मारली. सगळ्या ताकदीनं मारली, तळहात दुसऱ्या दिवसापर्यंत सुजला होता. ते तोल सावरायला गेले तसं मी दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. खुर्च्या घेऊन ते वाफ्यात गेले. त्यांच्या मुलानं माझे केस धरले, मी त्याच्या मनगटाला चावले. पन्नाशीची बाई, शोकसभेत. मला थोडीही लाज वाटली नाही. या गोंधळात गटातली एक मुलगी, आत्ता कुठं बारावी झालेली, उभी राहून रडत बोलायला लागली. "वो हर बार मेरे पास आकर खड़ी हो जाती थीं. मुझे लगता था मेरा पीछा करती हैं. मैंने घर पर शिकायत की थी उनकी." तिच्या आईनं तिला पोटाशी धरलं आणि अण्णांकडे बघितलं. त्या बाईनं ज्या नजरेनं बघितलं, त्यानंतर अण्णांना उठायला कोणी हात दिला नाही.

आता नीट ऐका, आक्का. सगळे विलासकडे बघत होते. तो उठला नाही. मुडदा पाडायला उठला नाही आणि पळूनही गेला नाही. तो खुर्चीत बसून होता आणि त्यानं मला एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. मग तो आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "मी तिचे हात धरले होते. मी पिरगाळले होते." तेच परत परत. अण्णा चिखलानं माखलेल्या झब्ब्यानं त्याच्यासमोर आले, "विलास, तू तरी..." म्हणाले. त्यानं वर बघितलं. "निघा," म्हणाला. आवाज चढवला नाही. सईनं खाली बसून त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, आणि मग तो जो रडायला लागला तो लोक निघून गेले तरी थांबला नाही.

म्हणजे तुमचं चुकलं. तुम्ही दोनच गोष्टी धरून चालला होता, मारेल नाहीतर मारणार नाही. तिसरी होती ना. तो असाच खाली आला असता, तुमच्या ओट्यापाशी बसून असाच रडला असता, आणि तुम्ही त्याला दोन रट्टे देऊन जेवायला वाढलं असतंत. ज्याचं नाक तुम्ही पुसलंत, त्याचा एवढा अंदाज तुम्हाला आला नाही? का भीती वाटली तुम्हाला? कुंड्या फोडणाऱ्या, गार्डला कोपर मारणाऱ्या बाईला एका दिराची भीती? मला तुमचा इतका राग येतो की तुमच्या फोटोवरचा हार सरळ करतानाही मी तोंडानं भांडत असते. आणि मग सई दिसते. पुढं काय करायचं, तक्रार कुठं द्यायची, ते ती मैत्रिणीशी बोलून ठरवते आहे. ताठ चालते आहे. तिला वाटेल तेव्हा ती बोलली, तिच्या तोंडानं बोलली. तुम्ही आणि मी तिच्या वतीनं बोललो असतो तर तिच्यापाशी काय उरलं असतं, हेही मला दिसतं. त्यासाठी तुमचे पाय धरायला हवेत. एकाच वेळी पाय धरणं आणि भांडणं कसं जमवायचं ते सांगा.

काल सकाळी विलास लवकर उठला. आंघोळ करून, काही न बोलता खाली गेला. मी जिन्यात येऊन थांबले. तुमच्या स्वयंपाकघराचं दार त्यानं उघडलं आणि उंबऱ्यात उभा राहून त्यानं हाक मारली, "वहिनी." शाळेतून आल्यावर मारत असेल तशी. थोडं थांबला. मग जरा मोठ्यानं परत मारली. मला वरून ओ देता आली असती, पण ती हाक माझ्यासाठी नव्हती. मी पायरीवर बसून राहिले आणि तो दारात उभाच होता.